फरक आढळला नाही

अमेरिकेत 'सोसायटी फॉर न्यूरोसायन्स'च्या वार्षिक अधिवेशनाला हजारो मेंदूवैज्ञानिक जमतात. त्याच दिवसांत 'फॅकल्टी फॉर अंडरग्रॅज्युएट न्यूरोसायन्स' ही प्राध्यापकांची संघटना पदवीच्या मुलांसाठी एक पोस्टर-सत्र भरवते. विशीतली मुलं आपापल्या पोस्टरशेजारी उभी राहतात. व्याख्यानात प्रश्न शेवटी येतात. इथे ऐकणारा हातभर अंतरावर असतो आणि मध्येच थांबवून विचारतो, "नमुना एवढा लहान का घेतलात?" मला तो प्रश्न कोणत्याही पारितोषिकापेक्षा मोलाचा वाटतो.

अशा पोस्टरांवर मला एक वाक्य अधिक वेळा वाचायला आवडेल: दोन गटांत फरक आढळला नाही.

मानसशास्त्राला या वाक्याची गरज का आहे, ते २०१५ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने दाखवलं. शंभर प्रयोग पुन्हा करून पाहिले. मूळच्या ९७ टक्के शोधनिबंधांत निष्कर्ष सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय होता. पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच टिकला. यामागे लबाडी क्वचितच असते. 'काही सापडलं' म्हणणारे लेख छापून येतात, उरलेले खणात पडून राहतात, एवढंच पुरतं. मेंदूच्या प्रतिमांचंही तसंच. २००९ मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एका परिषदेत पोस्टर मांडलं: स्कॅनरमध्ये मेलेला सामन मासा ठेवून त्याला माणसांची छायाचित्रं दाखवली, तर मेंदूत 'हालचाल' दिसली! हजारो बिंदूंची एकाच वेळी तुलना करताना लागणारी सांख्यिकी दुरुस्ती केली, आणि ती 'हालचाल' नाहीशी झाली.

पदवीच्या मुलाची नोकरी वा अनुदान त्याच्या निष्कर्षावर टांगलेलं नसतं. म्हणूनच जुना प्रयोग काटेकोरपणे पुन्हा करायला त्याच्याइतकं मोकळं कुणी नाही. अमेरिकेतल्या काही महाविद्यालयांत तर विद्यार्थी एकच प्रयोग वेगवेगळ्या ठिकाणी करून आकडे एकत्र आणतात.

आपल्याकडे 'आविष्कार' ही विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांची संशोधन स्पर्धा आहे, विद्यापीठांच्या परिषदा आहेत. व्हॉट्सॅपवर फिरवलेल्या गूगल फॉर्मवरून बी.ए.ची मुलं ताण आणि मोबाइल यांचा संबंध शोधतात. त्यांना मी कमी लेखणार नाही. साधनं तेवढीच असतात. पण परीक्षकांनी 'यात नवीन काय?' हे विचारण्याआधी एवढं जरूर विचारावं: माहिती गोळा करण्यापूर्वी तुमचं गृहीतक कुठे लिहून ठेवलं होतं? तो कागद दाखवणाऱ्या मुलीला, तिचं गृहीतक चुकलेलं असलं तरी, पूर्ण गुण द्यावेत.