अर्ज त्यांचा, माप कुणाचं?

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याच्या दक्षिण टोकाला, टेक्ससच्या सीमेलगत ड्युरंट नावाचं गाव आहे. दोन लाखांहून अधिक सदस्य असलेल्या चॉक्टॉ या आदिवासी राष्ट्राचं मुख्यालय तिथे आहे. चॉक्टॉ विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणारं चाहटा फाउंडेशनही तिथलंच. अमेरिकेत अशा शिष्यवृत्त्यांचे अर्ज पुष्कळदा स्वयंसेवक वाचतात. दिवसभराचं काम उरकून संध्याकाळी निबंध वाचायचे, शिफारसपत्रं चाळायची, रकान्यात गुण भरायचे. मानधन नाही. आणि एखाद्या मुलीचं पुढचं वर्ष आपल्या हातातल्या पेन्सिलीवर अवलंबून आहे, हे ठाऊक असतं.

अशा एका टेबलाशी दोन वाचक बसले आहेत असं समजू. एक ब्रोकन बो गावातल्या शाळेतून निवृत्त झालेली चॉक्टॉ शिक्षिका, दुसरा डॅलसहून आलेला, चॉक्टॉ नसलेला अकाउंटंट. दोघं काल्पनिक आहेत, पुढ्यातले दोन अर्जही. पेच मात्र खरा आहे.

पहिला अर्ज डॅलसच्या उपनगरातल्या मुलाचा. निबंध सफाईदार आहे. १८३० च्या डान्सिंग रॅबिट क्रीकच्या तहानंतर मिसिसिपीतून पश्चिमेकडे हाकलल्या गेलेल्या पूर्वजांची वाताहत, ढोलाचा आवाज ऐकून दाटून आलेला गळा, सगळं त्यात आहे. दुसरा मॅककर्टन काउंटीतल्या मुलीचा. निबंध त्रोटक, दोन ठिकाणी वाक्यं अर्धवट. तिला नर्सिंग करायचंय. शनिवारी आजीला गाडीतून टॅलिहिनाच्या दवाखान्यात नेते, तिथले फॉर्म भरते. आजी चॉक्टॉत बोलते, ही इंग्रजीत उत्तर देते. एवढंच, दीड ओळीत. पुढच्या ओळीत लगेच रसायनशास्त्राचे गुण.

'संस्कृतीशी नातं' या रकान्यात अकाउंटंटनं मुलाला दहापैकी नऊ दिले, मुलीला चार. शिक्षिकेचे गुण जवळपास उलटे.

"तिनं संस्कृतीबद्दल लिहिलंय कुठे?" त्यानं विचारलं.

"दीड ओळीत लिहिलंय. तिच्या गावाहून टॅलिहिना म्हणजे डोंगरातून जाणारा लांबचा रस्ता. आजीची भाषा कळते, बोलता येत नाही. आमच्याकडे घरोघरी हेच चाललंय."

"पण हे तुम्हाला ठाऊक आहे, अर्जात नाही. तुम्ही तिच्या बाजूनं रिकाम्या जागा भरताय. त्या मुलाच्या रिकाम्या जागा कोण भरणार?"

मुद्दा बिनतोड होता. तोंड बघून वाढू नये, हा पंगतीचा नियम इथेही लागू पडतो. शिक्षिकेनं तो नाकारला नाही. ती एवढंच म्हणाली, "तुम्हीही भरल्याच की. हाकलून लावल्याची कहाणी तुम्ही पुस्तकांतून, सिनेमांतून ओळखता. ओळखीचं वाचलं आणि नऊ दिले. माझ्या ओळखीची गोष्ट गावची, तुमच्या ओळखीची पुस्तकातली."

यावर अकाउंटंटनं सरळ उपाय सुचवला: नाव, गाव, शाळा, सगळं झाकून वाचायचं. नाव झाकल्यानं फायदा होतोच. आडनावावरून कुणाचा भाचा आहे हे ओळखणारे वाचक लहान समाजात असतातच. पण गाव झाकलं की रस्ताही झाकला जातो आणि त्या दीड ओळीत काही उरत नाही.

शिवाय झाकूनही माप एक होत नाही. डॅनिएल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी १९१२ साली इंग्रजीच्या त्याच दोन उत्तरपत्रिका शंभराहून जास्त शिक्षकांकडून तपासून घेतल्या. त्यातल्या एकीला ६४ पासून ९८ पर्यंत गुण पडले. भाषेचा विषय म्हणून असं झालं असेल, या शंकेवर त्यांनी पुढे भूमितीची उत्तरपत्रिका वाटली, तर तफावत आणखी वाढली. विद्यार्थी कोण हे तपासणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. कुणी नीटनेटकेपणाला गुण दिले, कुणी रीतीला, कुणी फक्त उत्तराला. काय तपासायचं, हेच आधी ठरलं नव्हतं.

"मग आधी ठरवू," अकाउंटंट म्हणाला. "नातं म्हणजे काय? मी तर म्हणतो, थेट रक्ताचा हिस्सा बघा. आकडा आहे, वाद नाही."

शिक्षिका हसली. ओक्लाहोमाच्या चॉक्टॉ राष्ट्रात सदस्यत्वासाठी रक्ताच्या हिश्श्याची किमान अट नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तयार झालेल्या डॉज यादीतल्या, 'रक्तानं चॉक्टॉ' म्हणून नोंदलेल्या पूर्वजाशी थेट वंशसंबंध दाखवावा लागतो. हकालपट्टीनंतरही मूळ भूमीत राहिलेल्यांच्या मिसिसिपी बँडला मात्र निम्मं रक्त लागतं. लोक तेच, मोजमाप दोन. आणि १९७४ च्या मॉर्टन विरुद्ध मॅनकारी खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं आदिवासी राष्ट्राचं सदस्यत्व हे वांशिक नव्हे, राजकीय नातं मानलं.

"म्हणजे हा मुलगा चॉक्टॉ आहे की नाही, किती आहे, हे राष्ट्रानं ठरवून टाकलंय," ती म्हणाली. "आपण टेबलावर पुन्हा ठरवायचं नाही. रक्तावरून नाही, आणि ढोलावरूनही नाही."

"ढोलावरून नाही, तर आजीवरून का?"

ती गप्प झाली. त्यानं तिला तिच्याच शब्दात पकडलं होतं.

थोड्या वेळानं ती इतिहासाकडे वळली. डान्सिंग रॅबिट क्रीकच्याच तहात एक कलम होतं: चाळीस चॉक्टॉ मुलांना वीस वर्षं अमेरिकी सरकारच्या खर्चानं शिकवायचं, राष्ट्राध्यक्षांच्या देखरेखीखाली. भूमी गेली त्या कागदावर शिष्यवृत्त्याही होत्या. त्याआधीच, १८२५ पासून, केंटकीत चॉक्टॉ अकॅडमी चालू होती. पुढे उपराष्ट्राध्यक्ष झालेल्या रिचर्ड जॉन्सनच्या जमिनीवर, चॉक्टॉंच्या तहातल्या पैशावर. तिथल्या कारभारावर चॉक्टॉ नाराज होत गेले आणि १८४२ मध्ये त्यांच्या कौन्सिलनं आपल्याच प्रदेशात आपली शाळाव्यवस्था उभी केली.

"पैसा आमचाच होता," ती म्हणाली. "पण मूल कसं घडलं म्हणजे शिकलं, हे ठरवणारे दुसरे होते. म्हणून तुमच्या नऊ गुणांची मला धास्ती वाटते. दरवर्षी असे नऊ मिळाले की मुलांना कळतं, काय लिहिलं म्हणजे खपतं. आजीला दवाखान्यात नेणारी मुलगीसुद्धा पुढच्या वर्षी ढोलच लिहील."

"आणि तुमच्या नऊ गुणांनी काय होईल? पुढच्या वर्षी प्रत्येक निबंधात एक आजारी आजी येईल."

दोघंही हसले, कारण दोघांचंही खरं होतं. गरजेला, दुःखाला गुण द्यायचे ठरवले की दुःख मांडण्याची स्पर्धा लागते. गुण द्यायचेच नाहीत म्हटलं, तर सफाईदार इंग्रजी जिंकतं, आणि ते चांगल्या शाळेकडे झुकतं.

चॉक्टॉंनी स्वतः मदत केली तेव्हा असा पेच नव्हता. मार्च १८४७ मध्ये, हद्दपारीला जेमतेम दीड दशक झालेलं असताना, स्कलीव्हिलच्या सभेत त्यांनी आयर्लंडच्या दुष्काळग्रस्तांसाठी १७० डॉलर जमवले. कुणाकडून निबंध मागवला नाही. त्या ऋणाची आठवण ठेवून २०१८ मध्ये आयर्लंडचे पंतप्रधान लिओ वराडकर चॉक्टॉंच्या भेटीला आले आणि चॉक्टॉ विद्यार्थ्यांना आयर्लंडमध्ये शिकण्यासाठी शिष्यवृत्ती जाहीर केली. भुकेल्यांच्या देणगीतून अशी शिष्यवृत्ती निघाली, पण तिलाही निवड आली. जागा मोजक्या असल्या की देणाऱ्याला तुलना चुकत नाही.

शेवटी दोघांनी तह केला, तो गुणांचा नव्हे, कारणांचा. प्रत्येक आकड्याशेजारी अर्जातलीच एक ओळ लिहायची. जी ओळ दाखवता येत नाही, तिचे गुण नाहीत. दोघांत तीनपेक्षा जास्त फरक पडला तर अर्ज तिसऱ्याकडे. 'संस्कृतीशी नातं' या प्रश्नाऐवजी पुढच्या वर्षी 'तुम्ही कुणासाठी काय नियमित करता' असं विचारावं, अशी शिफारस फाउंडेशनकडे पाठवायची. विचारायचं की नाही, ते त्यांनी ठरवावं. या कसोटीवर मुलीचे सात ठरले, मुलाचे सहा. अकाउंटंटला सहा कमी वाटले, शिक्षिकेला सात.

कागद आवरताना त्यानं एक प्रश्न काढला. "डॉज यादीत आणखी एक यादी होती ना? चॉक्टॉंनी गुलाम म्हणून राबवलेल्या कृष्णवर्णीयांची?"

"फ्रीडमेनची. १८६६ च्या तहानं गुलामी संपली. पण १९८३ च्या आमच्या घटनेनं सदस्यत्व 'रक्तानं चॉक्टॉ' असलेल्या यादीशीच बांधलं."

"मग त्यांच्या पणतीचा अर्ज या टेबलावर येतच नाही. तिला आपण किती गुण देऊ, हा प्रश्नच नाही."

"२०२१ मध्ये आमचे प्रमुख गॅरी बॅटन यांनी जाहीर पत्र लिहून या प्रश्नाचा विचार सुरू करायचं म्हटलं होतं."

"तुमचं मत?"

"सदस्य कोण, हे राष्ट्र ठरवतं असं मी तुम्हाला आत्ताच ठणकावून सांगितलं," ती म्हणाली. "त्या मुलीला तेच सांगताना माझा आवाज तसाच निघेल का, माहीत नाही. पण मी मतदार आहे. वाचक म्हणून नाही, तरी तिथे मला बोलता येईल."