आवर हाही शरीराचाच धर्म

क्रोधाच्या भरात दुसऱ्यावर प्रहार झाला की मनुष्य म्हणतो, "मी मारले नाही, हात आपोआप उठला." या उत्तरात सारा दोष शरीरावर टाकलेला असतो. तो तेथे टिकतो काय, हे मज्जासंस्थेच्या रचनेवरून पाहू.

मेंदू व मज्जारज्जू हे या संस्थेचे केंद्र होय. इंद्रियांकडून वार्ता आणणारे ते संवेदी तंतू आणि स्नायूंकडे आज्ञा नेणारे ते प्रेरक तंतू. तापलेल्या तव्यास बोट लागताच वार्ता मज्जारज्जूत पोहोचते, तेथूनच आज्ञा सुटते व हात मागे येतो. वेदनेची जाणीव मागाहून होते. हिलाच प्रतिक्षिप्त क्रिया म्हणतात.

येथे कोणी शंका घेईल की, ही क्रिया विचारावाचून घडते, तर क्रोधाची कृतीही तशीच का मानू नये?

त्याचे समाधान असे. शिवीचा अर्थ कळल्यावाचून तिचा राग येत नाही, आणि अर्थ कळणे हे मेंदूचे कार्य आहे. तेव्हा ही कृती तव्याच्या चटक्यासारखी नव्हे. शिवाय तो चटकाही आवरता येतो. कढत दुधाचे पातेले उतरविताना हात पोळला, तरी पायाशी मूल असेल तर माता पातेले सोडीत नाही. मेंदूची आज्ञा मज्जारज्जूतील क्रियेस थोपवून धरते.

हा आवर शरीराच्या रचनेतच आहे. कोपर दुमडताना दंडाच्या पुढील स्नायूस चालना मिळते, त्याच वेळी मागील स्नायूची चालना रोखली जाते. इंग्लंडचे चार्ल्स शेरिंग्टन यांनी अशा क्रियांचा सखोल अभ्यास केला. १९३२ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना त्यांनी व्याख्यान दिले तेही या आवराविषयीच. कुचल्याचे विष नेमकी हीच रोखण्याची व्यवस्था बंद पाडते. मग किंचित स्पर्शानेही सर्वांगास झटके येतात. अर्थात आवर सुटणे हे बळाचे लक्षण नव्हे.

ज्याच्या मेंदूच्या अग्रभागास इजा वा रोगाने हानी पोहोचली आहे, त्याची ही शक्ती उणी होऊ शकते. त्याच्याकडे करुणेनेच पाहिले पाहिजे. परंतु निरोगी मनुष्याने त्याचे निमित्त उसने घेऊ नये. क्रोध न विचारता येतो, हे खरे. हात मात्र आपल्याला विचारूनच उठतो. आपण नाही म्हणण्याचा अभ्यास केलेला नसतो, इतकेच.