शेजाराचा भाव

घरपट्टीचं बिल आलं की आपण आधी रक्कम बघतो, मग कपाळाला आठ्या घालतो. शेजारी कोण राहतं याला त्या बिलात रकाना नसतो. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्याने मात्र शेजाराचा भाव चक्क कायद्यात लिहिला होता. तिथे सरकारी मालमत्तेवर गावाला घरपट्टी लावता येत नाही, म्हणून बुडालेल्या करापोटी राज्य गावाला अनुदान देतं. अनेक वर्षं त्याचे दर ठरलेले होते. साध्या सरकारी कचेरीसाठी बुडालेल्या कराच्या ४५ टक्के, करमाफी असलेल्या खासगी कॉलेज-इस्पितळांसाठी ७७ आणि तुरुंगासाठी पूर्ण १००. मला हे आकडे फार बोलके वाटतात. कॉलेज आलं तर चार दुकानं चालतात, तेव्हा थोडं कमी घ्या. तुरुंगाला खेटून राहताय ना, मग अख्खं घ्या! अर्थात तिजोरीत खडखडाट झाला की सगळ्यांच्याच रकमेला कात्री लागायची आणि शंभर टक्के कागदावर राहायचे.

मिळालेल्या पैशात पाणी, रस्ते, आगीचा बंब यांची सोय होते. गावाच्या नावाचं काय? शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वॉलपोल नावाचं गाव आहे. १९५०च्या दशकात तिथे कडेकोट तुरुंग उभा राहिला आणि गावाचं नाव म्हणजेच गजाआडची जागा असं होऊन बसलं. वैतागलेल्या गावकऱ्यांनी १९८०च्या दशकात तुरुंगाचं नाव बदलायला लावलं. जवळच्या जुन्या रेल्वे जंक्शनवरून तो 'सीडर जंक्शन' झाला. येरवडेकरांना हे दुःख नीट कळेल. १९३२ साली गांधीजी आणि डॉ. आंबेडकर यांच्यातला करार झाला येरवड्याच्या तुरुंगात, पण इतिहासात नाव लागलं पुण्याचं. येरवड्याच्या वाट्याला नुसता तुरुंग आला.

आणि आतला माणूस? अमेरिकेच्या जनगणनेत तो तुरुंगाच्या गावचा रहिवासी धरला जातो, मत मात्र त्याला बहुतेक ठिकाणी नसतं. आयोवातल्या ॲनामोसा गावात एका प्रभागात जवळजवळ सगळे कैदीच होते. २००५ मध्ये तिथला नगरसेवक एकूण दोन मतं मिळवून निवडून आला. कनेटिकटने २०२१ मध्ये कायदा करून, मतदारसंघ आखताना कैद्याला त्याच्या मूळ पत्त्यावर मोजायचं ठरवलं. हे बरं झालं. पण ज्या वस्तीतून कमावता माणूस आत गेला, तिचं नुकसान त्या अनुदानाच्या हिशेबात कधीच नव्हतं.

सीडर जंक्शनमध्ये कैदी राज्यभरच्या मोटारींच्या नंबरप्लेटा बनवायचे. २०२३ मध्ये तिथले कैदी दुसरीकडे हलवले. लोक त्या तुरुंगाला तोवर वॉलपोलच म्हणत होते.