सात-बाऱ्यावरचं ‘अ.पा.क.’

बालविवाह थांबला, बापाची हमीपत्रावर सही झाली, मांडव सुटला, म्हणून विषय संपत नाही. बापाचं ते वाक्य अजून टोचतंय: ‘पोरगी आमची हाये, तिचं बरंवाईट आमाले समजते.’ बालविवाह थांबवायला गेलेल्या ग्रामसेवकाला दर लग्नसराईत हेच ऐकावं लागतं. ‘आमची’ म्हणजे काय, ते आपल्याच सात-बाऱ्यावर बघावं. अज्ञान मुलाच्या नावे जमीन असली की नावापुढे ‘अ.पा.क.’ लिहून बापाचं नाव येतं. अज्ञान पालनकर्ता, मालक नव्हे. पोराच्या स्वतःच्या नावची अर्धा एकर जमीनसुद्धा १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे बापाला न्यायालयाच्या परवानगीवाचून विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. अर्ध्या एकरावर जो हक्क नाही, तो पोरीच्या अख्ख्या जन्मावर कुठून आला? पालकाला हक्क आहेतच. शाळा त्यानेच निवडावी, मोबाइल काढून घ्यावा, रात्री बाहेर जाऊ देऊ नये. पण ते हक्क तिच्यासाठी त्याच्याकडे सांभाळायला दिलेत. जे तिला मोठेपणी मागे घेता येणार नाही, तिथे ते संपतात. शाळा बदलता येते; सोळाव्या वर्षीचं बाळंतपण बदलता येत नाही.

‘पूर्वी लहानपणीच लग्नं होत होती की’ म्हणणाऱ्यांना रखमाबाईंनी कधीच उत्तर दिलंय. अकराव्या वर्षी लावून दिलेलं लग्न त्यांनी मानलं नाही. १८८७ मध्ये न्यायालयाने नांदायला जा नाहीतर तुरुंगात जा म्हटलं, तेव्हा त्या तुरुंगात जायला तयार झाल्या. एक अडचण मात्र खरी आहे. आईबापांनी वीटभट्टीवर कामाला जाताना वयात आलेली पोर कोणाच्या भरवशावर ठेवायची? तर वसतिगृहाच्या. ते शासनाकडे भांडून मागावं, त्यासाठी नवरा शोधू नये. ‘पोर उजवून टाकली’ हे बोलणंच मला सहन होत नाही. त्यातलं ‘टाकली’ तेवढं खरं आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या शंभर बायकांपैकी जवळपास २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा म्हणतो, सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांच्या आत असं लग्न तिला रद्द करून घेता येतं. तोवर बहुधा कडेवर मूल असतं. ते घेऊन तिने लोणारहून बुलढाण्याला जिल्हा न्यायालयात यायचं, आणि समोर बाप अन् सासरा. मांडवात जेवून गेलेल्यांपैकी त्या दिवशी कोण येणार आहे तिच्यासोबत?