खाली ठेवण्याचा हक्क

सावनेर हे नाव मराठी वाचकाच्या कानावर असते ते बहुधा एका मृत्यूमुळे. 23 जानेवारी 1919 रोजी राम गणेश गडकरी येथे वारले. नागपूरच्या उत्तरेला कोलार नदीकाठी वसलेल्या या गावाची साहित्यातली नोंद एवढीच. माझे सावनेर मात्र निराळे आहे. ते बँडवाल्यांचे आहे. या गावातून निघून मी जवळजवळ पन्नास वर्षे आसपासच्या खेड्यांत, पार सौंसरपर्यंत, परक्यांच्या लग्नांत वाजवीत फिरलो. तेव्हा 'पोटासाठी वाजवणारा माणूस कलावंत की चाकर?' हा प्रश्न विद्वानांनी चर्चिलेला ऐकला की मला थोडे हसू येते. हा प्रश्न विचारणारे बहुधा ऐकणाऱ्यांच्या बाजूला बसलेले असतात. वाजवणाऱ्याच्या बाजूने तो निराळा दिसतो. तो तसा मला प्रथम माझ्या बापाने दाखवला.

माझा बाप डफडे वाजवी. आम्ही महार, गावच्या लग्नात, पोळ्याला, देवाच्या पालखीपुढे वाजवणे हे आमच्याकडे वंशपरंपरेने आलेले काम. काम म्हणजे हक्क असे गाव म्हणे. पण तो हक्क सोडण्याचा हक्क मात्र आम्हाला नव्हता. गवताचा जाळ करून बाप डफडे शेके, कातडे ताणले की बोटाच्या टिचकीने पारखी आणि मग वरातीच्या पुढे, पण माणसांपासून चार हात दूर राहून, चालू लागे. त्याचे वाजवणे मांडवात चाले, तो स्वतः मांडवात चालत नसे.

14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि जमलेल्या लाखोंना दिली. बाप छोट्या रेल्वेने नागपूरला गेला होता. परत आला तो पांढऱ्या कपड्यात. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत वाद्याचा उल्लेख कोठेच नाही. तरी बापाने डफडे फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवले. विदर्भात त्या काळी अशी कितीतरी डफडी माळ्यावर गेली. पुढच्या पोळ्याला आमच्या गावचे बैल मुक्यानेच तोरणाखालून गेले. त्या वर्षी गावाने आम्हाला कामही दिले नाही आणि उधार धान्यही दिले नाही. अखेर आम्ही सावनेरला आलो आणि बाप कापसाच्या जिनात हमाली करू लागला. रात्री बाजेवर पडल्यावर त्याची बोटे मात्र बाजेच्या लाकडावर हळूहळू पडत राहत. आपण काही करतो आहोत, हे त्याला ठाऊक नसावे.

1964 साली मी एका बँडात शिरलो. इंग्रजांनी 1821 मध्ये कामठीला छावणी वसवली. पलटणींच्या बँडांची ती वाद्ये आणि तो लाल कोट कालांतराने लग्नाच्या वरातीत उतरले. मी आधी झांज धरली, मग क्लॅरिनेट, पुढे सॅक्सोफोन. नोटेशन आम्हाला कोणाला येत नव्हते. रेडिओवर गाणे दोनदा ऐकावे आणि तिसऱ्यांदा फुंकावे. 'नागीन' चित्रपटातली बीन मी हजारदा वाजवली असेन. ती मूळची बीनच नव्हे, कल्याणजींनी क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर ती काढली होती, हे मला फार उशिरा कळले. चाल मुंबईची, वाद्य मालकाचे, आनंद नवरदेवाचा. आपली म्हणून फक्त फुंक.

मी बँडात जातो म्हटल्यावर बाप रागावेल असे मला वाटले होते. त्याने फक्त दोन प्रश्न विचारले. ''उद्या तू नाही म्हनलं, त कोनी मारन का तुले?'' मी म्हटले, नाही. ''अन् पैसे हातात देते का फेकून देते?'' मी म्हटले, हातात. ''मंग जाय.''

चाकरी आणि कला यांतला भेद याहून नेमका मांडलेला मी पुढे कोठे वाचला नाही. वाद्य वाईट नव्हते, ते वाजवावे लागणे वाईट होते. एकच काम सक्तीने केले तर अपमान होते आणि खुशीने केले तर कारागिरी. वरून पाहणाऱ्याला दोन्ही सारखीच दिसतात. तेच कातडे, तोच ताल.

पण त्या दोन प्रश्नांना मी दिलेली उत्तरे खरी होती का? आषाढात लग्ने थांबत, ती तुळशीचे लग्न लागेपर्यंत. मधल्या महिन्यांत निंदणीला जावे, दिवाळीच्या सुमारास आंबिया बहाराची संत्री तोडावी. तरी भागत नसे. मग मालकाकडून उचल घ्यायची. एका वैशाखात माझा खालचा ओठ दाताने आतून फाटला होता. मी सुट्टी मागितली. मालक काही बोलला नाही. त्याने फक्त वही उघडून माझ्यासमोर ठेवली. त्या रात्री मी वाजवले, आणि उतरवून पाहिली तेव्हा क्लॅरिनेटची पत्ती लाल झाली होती. मला कोणी मारले नव्हते. काठीच्या जागी वही आली होती, इतकेच.

दुसऱ्या प्रश्नाचेही तसेच. बयाणा हातात मिळे. पण वरात रंगात आली की नोटा ओवाळून उधळत. मी वाकणार नाही असे ठरवले होते, आणि वीस वर्षे पाळलेही. एकदा मुलीच्या शाळेची फी भरायची होती. मी वाकलो. दहाची नोट होती. बाप तेव्हा हयात होता. मी त्याला सांगितले नाही. पण त्या दिवसापासून त्याच्यासमोर पैसे मोजायचे मी टाळू लागलो.

हा पेच एकट्या आमच्याकडचा नाही. अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सचा लुई आर्मस्ट्राँग हा काळा मुलगा 1913 साली सुधारगृहात होता. तेथल्याच बँडात तो कॉर्नेट शिकला. ज्या दारांनी त्याला कोंडले, त्यांच्याच आत त्याला वाद्य मिळाले. ते त्याने पुढे फेकून दिले नाही. सारे जग त्याने त्याच वाटेने जिंकले. मग माझ्या बापाने डफडे ठेवून दिले यात त्याची चूक झाली का? मला तसे वाटत नाही. आर्मस्ट्राँग सुधारगृहातून बाहेर पडू शकला. बापाला गावातून बाहेर पडायचे तर वाद्य आधी खाली ठेवावेच लागणार होते.

आता बँड राहिला नाही. धुमाल आला, मग डीजेची गाडी आली. बापाने ज्या छोट्या रेल्वेने नागपूर गाठले तीही 2015 मध्ये बंद होऊन तिचा मार्ग मोठा झाला. मला आता कोणी बोलावत नाही, त्यामुळे नाही म्हणण्याचे स्वातंत्र्यही उरले नाही.

मागच्या वर्षी नागपुरात शिकणाऱ्या नातीने ते डफडे मागितले. 14 एप्रिलच्या मिरवणुकीत तिला ते वाजवायचे होते. फडके सोडले तेव्हा कातडे फाटलेलेच होते. नवे मढवून घेतले. देताना मी तिला पणजोबांचे दोन प्रश्न सांगितले. ती म्हणाली, ''आजोबा, तिसरा प्रश्न त्यांनी विचारलाच नाही का? वाजवायला आवडते का म्हणून?''

मी उत्तर देऊ शकलो नाही. साऱ्या आयुष्यात मला हे कोणी विचारले नव्हते, आणि मीही कोणाला विचारले नव्हते. पुष्कळ विचार केल्यावर वाटते, तो प्रश्न आधी विचारता येतच नाही. ज्या कामाला नाही म्हणता येत नाही ते आपल्याला आवडते की नाही, हे कळायला मार्गच नसतो. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच तिसरा तोंडाशी येतो. आमच्या घरात तो यायला तीन पिढ्या लागल्या.

आणि तेव्हा मला बाजेच्या लाकडावर पडणारी ती बोटे आठवली. डफडे सोडल्यावरच ती तशी पडू लागली होती. त्याआधी ती कधी मोकळी नव्हती.