क्षमा कोणी करावयाची?

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपल्याकडे म्हणतात. माळकऱ्याने तर मुळीच चढू नये, आणि चढलाच तर नवऱ्याविरुद्ध बायकोचे वकीलपत्र घेऊन खासच चढू नये, असे म्हणणारी सज्जन मंडळी आमच्या परळीत पुष्कळ आहेत. वैजनाथाच्या पायऱ्यांवर भेटतात, हरिपाठाला शेजारी बसतात, आणि टाळ खाली ठेवता ठेवता हळूच विचारतात, "महाराज, गळ्यात माळ घालून लोकांचे संसार कशाला मोडता? चार चांगल्या गोष्टी सांगाव्या, समजूत घालावी, लेक सासरी धाडावी. क्षमा आणि शांती हाच ना आपला धर्म?"

विचारणारे खवचट नाहीत, कळकळीचे आहेत. म्हणून त्यांस वाटेत उभ्याउभ्या उत्तर देण्यापेक्षा येथे सावकाश विचार करावा, असे आम्हांस वाटले.

क्षमेचे नाव निघाले की पैठणच्या नाथमहाराजांची गोष्ट निघतेच. गोदेचे स्नान करून येणाऱ्या नाथांवर एक जण थुंकला. नाथ पुन्हा स्नानास गेले. तो पुन्हा थुंकला. असे एकशे आठ वेळा झाले, पण नाथांच्या तोंडून वावगा शब्द निघाला नाही. गोष्ट लहान पोरासही ठाऊक आहे. पण तिच्यातली एक खूण आपण सोडून देतो. थुंकी पडली ती नाथांच्या स्वतःच्या अंगावर. सोसले ते त्यांनी. घाटावर उभे राहून दुसऱ्या कोणा बाईला "बाई गं, थुंकू दे त्याला, तू आणखी एक बुडी मार," असे काही नाथ सांगत नव्हते. उलट त्याच गोदेच्या तापलेल्या वाळवंटात परक्याचे पोर पोळताना दिसले, तेव्हा नाथांनी त्या पोराला सहनशीलतेचा उपदेश केला नाही. उचलून कडेवर घेतले. एकाच पुरुषाची ही दोन वागणी. आपल्या अंगावरचे सोसले, दुसऱ्याच्या अंगावरचे सोसवले नाही. आपण नेमके उलटे करतो. स्वतःच्या बांधाची वीतभर जमीन गेली तर तहसील गाजवतो, आणि शेजारच्या सुनेच्या पाठीवरचे वळ पाहून तिला नाथांची गोष्ट सांगतो.

तुकोबांच्या पाठीवर आवलीने ऊस मोडला, ही कथाही कीर्तनात मोठ्या चवीने सांगतात आणि हशा पिकतो. पिकू द्यावा. पण पाठ तुकोबांची होती आणि हसलेही तेच, एवढे ध्यानात असावे.

आता कऱ्हाडच्या सखूची गोष्ट घ्या. पंढरीस जाऊ नये म्हणून सासरच्यांनी तिला बांधून ठेवले, आणि देव बाईच्या रूपाने तिथे आला. देवाने काय केले ते क्रमाने पाहावे. आधी त्याने गाठ सोडली. "तुझी काय चूक झाली? सासूला उलट बोललीस का? पोळी करपवलीस का?" असे काही विचारले नाही. मग तिच्या जागी स्वतः उभा राहिला आणि तिच्या वाट्याचे सगळे आपल्यावर घेतले. गाठ आधी, बाकीचे मागाहून. दुसऱ्याच्या जागी उभे राहून त्याचे म्हणणे मांडणे, यालाच आमच्या धंद्यात वकीलपत्र म्हणतात. देवाची बरोबरी करण्याचा आव आम्ही आणीत नाही. देवाला मार खावा लागला, वकिलाला फार तर तारीख घ्यावी लागते, आणि कधीमधी फीही मिळते. पण हे काम संप्रदायाच्या बाहेरचे आहे, असे मात्र कोणी म्हणू नये.

सखूची गोष्ट भक्तांनी सांगितलेली. बहिणाबाईंनी मात्र आपली हकीकत स्वतःच मांडून ठेवली आहे. तुकोबांची ही शिष्या (१६२८ ते १७००) आपल्या मराठवाड्याचीच. वैजापूर तालुक्यात शिऊर येथे तिची समाधी आहे. कथाकीर्तनाच्या ओढीपायी नवऱ्याने आपल्याला कसे मारले, हे तिने आत्मचरित्राच्या अभंगांत उघड सांगितले. घरची गोष्ट चव्हाट्यावर आणली म्हणून संप्रदायाने तिला वाळीत टाकले नाही, तिचे अभंग जपले. यावर लगेच कोणी म्हणतो, "पण तिने घर सोडले नाही, आणि शेवटी नवरा सुधारला ना!" सुधारला, ही आनंदाची गोष्ट. पण तिच्यापुढे दुसरी वाट कोणती होती? माहेर नवऱ्याच्या मुठीत, वय कोवळे, दाद मागायला ना पोलीस ना मुनसफ. जिथे जाण्याला दार नाही, तिथे राहण्याला निवड कशी म्हणावी? एकाचा नवरा पालटला म्हणून सगळ्यांच्या लेकींनी तो पालटेपर्यंत मार खावा, हा हिशेब कोणत्या संतांनी घालून दिला?

बरे, कोर्टात जाणे म्हणजे घर मोडणे, ही समजूत तरी कितपत खरी? भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम १९८३ मध्ये आले. त्याची वाट फिर्यादीची, अटकेची. १ जुलै २०२४ पासून ते नव्या न्याय संहितेत ८५ आणि ८६ या कलमांत गेले. पण बाई वकिलासमोर बसते ती बहुधा निराळेच बोलते. "सायेब, मला त्याला जेलात न्हाई घालायचं. मार थांबला पायजे, अन् लेकरासंगट घरात ऱ्हाता आलं पायजे." या बोलण्याला कायद्यात पुरती जागा नव्हती. ती २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने केली, आणि तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. या कायद्याखाली न्यायदंडाधिकारी नवऱ्याला सांगतो ते असे : हात उचलू नकोस, तिला घराबाहेर काढू नकोस, पोटापुरते दे, लेकरू तिच्याजवळ असू दे. घटस्फोट मागावाच लागतो असे नाही. तुरुंगाची गोष्ट येते ती हुकूम मोडला तरच, एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे कायदा आधी "थांब" म्हणतो. घरातल्या वडीलधाऱ्यांनी पहिल्याच दिवशी जे म्हणायला हवे होते तेच तो म्हणतो, फक्त शिक्का मारून.

पूर्वी एक मोठी अडचण होती. घर सासऱ्याच्या नावावर असले की "हे घर मुलाचे नाही, तेव्हा सुनेचा इथे संबंध काय?" असे म्हणत, आणि सर्वोच्च न्यायालयाचा २००६ चा निकाल त्यांच्या कामी येई. १५ ऑक्टोबर २०२० रोजी त्याच न्यायालयाने तो अर्थ बाजूला सारला. ज्या घरात ती नांदली ते सासूसासऱ्यांच्या नावे असले, तरी तेवढ्यावरून तिला बाहेर काढता येत नाही. सासूसासऱ्यांच्या म्हातारपणाचाही न्यायालयाने विचार करावा, असेही त्यात आहे, आणि ते योग्यच आहे.

पहिली तारीख साधारण तीन दिवसांत पडावी आणि साठ दिवसांत निकाल लावण्याचा यत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात काय होते ते कोर्टाच्या आवारात लिंबाखाली डबा उघडून बसलेल्या बायकांना विचारावे.

त्यातून आपला बीड जिल्हा ऊसतोडीचा. दिवाळीच्या सुमारास गाड्या भरतात आणि माणसे पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. तिथे नवराबायको मिळून एक कोयता धरतात. उचल मुकादम देतो ती नवऱ्याच्या हातात. बाईने पहाटेपासून मोळ्या बांधल्या तरी तिचा पैसा तिला दिसत नाही, आणि मार असह्य होऊन ती माहेरी आली की कोयता मोडला म्हणून मुकादम उचलीसाठी तिच्या बापाच्या दारात उभा राहतो. पैसा अडवून धरणे, मिळकत काढून घेणे, यालाही हा कायदा हिंसाच म्हणतो. आणखी एक सोय त्यात आहे : बाई ज्या गावी राहते, तात्पुरती का होईना, तिथल्या न्यायालयात तिला अर्ज करता येतो. सासर कुठलेही असो, माहेर परळीचे असेल तर अर्ज परळीत चालतो, आणि झालेला हुकूम देशभर लागू पडतो.

ज्या जिल्ह्यात २०११ च्या शिरगणतीत सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ८०७ मुली निघाल्या, त्या जिल्ह्यात लेकीच्या जिवाची किंमत आपण काय करतो हे निराळे सांगायला नको. महाराष्ट्रात त्या वेळी सर्वांत खालचा आकडा आपलाच होता. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या विवाहित स्त्रियांपैकी साधारण चारांत एकीने नवऱ्याचा जाच सांगितला. शंभर बाया हरिपाठाला बसल्या तर पंचवीस.

आता उलट बाजू. "बायका खोट्या फिर्यादी करतात, सासरच्या दहा जणांची नावे घालतात." होते असे, आणि त्यात आमच्या धंद्याचा दोष थोडा नाही. ठरलेला मजकूर काढून नावे भरून देणारे असतात. म्हणून या कामात वकिलाची पहिली साधना म्हणजे जीभ आवरणे. बाईने दोन थपडा सांगितल्या तर अर्जात दोनच लिहाव्या. तिसरी आपल्या पदरची घातली की उलटतपासणीत ती तिसरी उघडी पडते आणि खऱ्या दोहोंनाही बुडवते. अटक आपोआप होऊ नये, आधी कारणे तपासावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये बजावले आहे. ते आम्हांस मान्य आहे. पण खोट्या नाण्याच्या भयाने कोणी बाजार बंद ठेवीत नाही.

हे काम कोणी परमुलुखातून आणलेले नाही. वैजनाथाच्या मंदिराचा जीर्णोद्धार ज्या अहिल्याबाईंनी केला, त्या स्वतः न्यायाला बसत. शेजारी अंबाजोगाईस शैलाताई लोहिया यांनी मनस्विनी प्रकल्पातून टाकलेल्या, मारलेल्या बायांना आधार दिला. मुंबईत फ्लेविया अॅग्नेस यांनी स्वतः नवऱ्याचा मार सोसला, त्यातून बाहेर पडून कायदा शिकल्या, आणि दुसऱ्या बायांसाठी कोर्टात उभ्या राहिल्या. तिथे बांधलेली आणि गाठ सोडणारी एकच.

खरा कस लागतो तो पुढे. अर्ज दाखल होतो, नवऱ्याला नोटीस जाते, आणि तिसऱ्या तारखेला बाई मामासासऱ्याबरोबर येऊन म्हणते, "सायेब, अर्ज मागं घ्या. मी जाते नांदायला." आता वकिलाने काय करावे? रागवावे? एवढी खटपट वाया गेली म्हणून चार शब्द ऐकवावे? की घर जुळले म्हणून पेढा खावा?

आमचे म्हणणे असे. आधी मामासासऱ्यास चहाला पाठवावे आणि बाईस एकटीला विचारावे. क्षमा ही तिची वस्तू आहे. नवऱ्याने चूक कबूल केली, तिला हे घर आपलेही आहे असा भरवसा वाटला, मनातून गाठ सुटली, आणि मग ती म्हणाली की झाले गेले सोडून देते, तर ती क्षमा नाथांच्या क्षमेच्या जातीची आहे. तिच्या आड वकील कोण येणार? पण भावजयीने ताट वाढायचे बंद केले, बापाने "दिल्या घरी मर" म्हटले, पोराच्या शाळेचे पैसे संपले, म्हणून ती निघाली असेल, तर त्याला क्षमा हे नाव देऊन आपण तिचा आणि क्षमेचाही अपमान करतो. ती नाइलाजाने निघालेली असते. अशा वेळी अर्ज मागे घेण्याऐवजी हुकुमात अटी लिहून घेता येतात, समुपदेशकाकडे पाठवता येते, निदान राहण्याचा हुकूम हाती घेऊन जा असे सांगता येते. एवढे सांगून झाल्यावरही ती जाते म्हणाली, तर जाऊ द्यावे. तिचा दोर सोडून आपला दोर बांधणे हेही बरे नव्हे. मात्र फाईल फाडू नये. ती पुन्हा आली तर "तेव्हाच सांगितले होते" हे वाक्य तोंडातून काढू नये, आणि हे आम्हांस हुकुमाचा मसुदा लिहिण्यापेक्षा पुष्कळ अवघड वाटते. क्षमा कोणती आणि नाइलाज कोणता, हे दर वेळी ओळखू येतेच असेही नाही. डोळ्यांत पाणी दोन्हीकडे असते.

समजूत घालणाऱ्या मंडळींस एवढेच विचारावेसे वाटते : तुम्ही नेहमी तिचीच समजूत का घालता? बैठक बसते, चार माळकरी गोळा होतात, आणि "बाई, जरा सांभाळून घे" असे तिला सांगून उठतात. त्याला कोणी विचारते का, की बाबा रे, या हातांनी टाळ वाजवतोस त्याच हातांनी हे काय करतोस? ज्या घरात एकादशी पाळली जाते त्याच घरात द्वादशीला बाईचा दात पडतो, हे आम्ही वकीलपत्रांत वाचतो. शेजारून रडणे ऐकू आले की आपल्या भजनाचा आवाज चढतो.

त्या शेजाऱ्यासाठीही कायद्यात एक कलम आहे, चौथे. कोणावर अशी हिंसा होत आहे किंवा होणार आहे असे सकारण वाटले, तर कोणीही माणूस संरक्षण अधिकाऱ्यास कळवू शकतो, आणि शुद्ध हेतूने कळवणाऱ्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. तेव्हा "आपण कशाला मध्ये पडा, उद्या आपल्यावरच शेकेल" ही सबब आता चालायची नाही. फोन करायचा तर १८१ हा क्रमांक बायकांच्या मदतीसाठी आहे. सरकारने २०१५ पासून जागोजाग जी केंद्रे काढली, त्यांचे नाव 'सखी'. वकिलाच्या फीचीही धास्ती नको. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला मोफत वकील मिळतो, मग तिच्या घरचे उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्यावा.

आषाढीच्या आधी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी जनाबाईंच्या गंगाखेडावरून परळीस येते आणि अंबाजोगाईकडे जाते. चालता चालता बाया एकमेकींना जे सांगतात, ते वर्षभर घरात कोणाला सांगत नाहीत. दिंडीत ज्या जाणत्या बाया असतात त्यांना तो १८१ क्रमांक आणि ते चौथे कलम ठाऊक करून द्यावे, अशी विणेकऱ्यांस आणि दिंडीप्रमुखांस आमची विनंती आहे. मुक्कामाच्या ठिकाणी हरिपाठ झाल्यावर पाच मिनिटे पुरतील. कोणी बोलवील तर आम्ही येऊ.