पैनगंगेच्या अलीकडची तारीख

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी मेडशीसारख्या वऱ्हाडी गावात बैलांच्या खांद्यांना हळद-लोणी चोळतात. वर्षभर जू घासून जिथलं कातडं निबर झालेलं असतं, हात नेमका तिथंच फिरतो. मग उद्याच्या जेवणाचं आवतण बैलाला दिलं जातं. दुसऱ्या दिवशी खांद्यावर जू चढत नाही. शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग; तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, झडत्या रंगतात, पोळा फुटतो. विसावा कुणाला द्यायचा, हे या सणाला जितकं नेमकं कळलं आहे तितकं सरकारी यादीला कळलेलं नाही. यादीतल्या सुट्टीला कचेरी बंद असते. सोयाबीन निंदणारी बाई त्या दिवशीही रोजानं वावरात असते.

तरीही तारखेच्या सणांना मी कमी लेखणार नाही. पोळा कष्टाची जाण ठेवतो, १५ ऑगस्ट सुटकेची. आणि सुटका सगळ्यांच्या वाट्याला एकाच दिवशी येत नाही.

मेडशीहून मालेगाव, वाशीम करत कनेरगाव नाक्याकडे निघालं की पैनगंगा लागते. निजामानं १८५३ च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला आणि १९०२ मध्ये तो कायमच्या भाडेपट्ट्यानं त्यांच्याकडे गेला. मालकी नावापुरती निजामाची राहिली, इतकी की १९३६ नंतर त्याच्या वारसाला ‘वऱ्हाडचा युवराज’ म्हणत. कारभार मात्र मध्य प्रांत आणि वऱ्हाडाचा. त्यामुळे १५ ऑगस्ट १९४७ ला मेडशी स्वतंत्र झाली आणि नदीपलीकडचं हिंगोली निजामाच्याच राज्यात राहिलं. तिकडे स्वातंत्र्य पोचायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडला. मधल्या तेरा महिन्यांत रझाकारांचा धाक होता आणि उमरखेडसारख्या वऱ्हाडी गावांत सरहद्दीवरच्या लढ्याचे कॅम्प चालले. १९४८ चा पोळा सप्टेंबरच्या सुरुवातीला आला. श्रावणी अमावास्या दोन्ही तीरांवर एकच होती. तिच्यानंतर पंधरवडाभरातच निजामाची राजवट कोसळली. सोयरिकीनं बांधलेल्या दोन मुलखांत बैलांचा सण एका दिवशी आणि माणसांच्या स्वातंत्र्याचा वेगवेगळ्या दिवशी, ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते.

हिंदी महासागरापलीकडे टांझानियानं असाच पेच वागवला आहे. मुख्य भूमीवरचं टांगानिका ९ डिसेंबर १९६१ ला स्वतंत्र झालं. झांजिबार बेट १० डिसेंबर १९६३ ला, पण सुलतानाच्या हाती. महिनाभरात, १२ जानेवारी १९६४ ला, क्रांतीनं सुलतानाला हटवलं. २६ एप्रिलला दोघांचं एक राष्ट्र झालं. आज तिथं ९ डिसेंबर, १२ जानेवारी आणि २६ एप्रिल या तिन्ही दिवशी देशभर सुट्टी असते. ईद आणि नाताळ दोन्हींना असते, आणि ८ ऑगस्ट तर शेतकऱ्यांचा दिवस आहे. बेटावरची क्रांती रक्तरंजित होती, तिथल्या अरबांनी आणि भारतीयांनी फार सोसलं. ती तारीख सगळ्यांना सारखी गोड लागत नसणार. पण शेजाऱ्याची तारीख आपल्याही यादीत असावी, ही समज मला मोलाची वाटते.

आपल्याकडे ती दिसत नाही. १७ सप्टेंबरला मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत झेंडावंदन होतं. हिंगोलीत मुलं मुक्तिसंग्रामाची भाषणं करतात आणि पैनगंगेच्या अलीकडे नेहमीसारखी हजेरी होऊन गणिताचा तास सुरू होतो. निजामाचं नाव जवळपास शतकभर कागदोपत्री ज्या वऱ्हाडाला चिकटून होतं, त्याला हा दिवस परका का वाटावा?

सुट्टी नकोच, शाळा उघडी राहू दे. हिंगोलीकडून सून म्हणून आलेल्या कितीतरी आज्या वऱ्हाडात आहेत. त्यांच्यातल्या नव्वदीला टेकलेल्यांनी ते तेरा महिने लहानपणी पाहिले आहेत, आणि ते त्यांच्या तोंडून ऐकायला फारशी वर्षं उरलेली नाहीत. येत्या १७ सप्टेंबरला मेडशीच्या शाळेनं गणिताचा तास थोडा पुढे ढकलून अशा एखाद्या आजीला वर्गात बोलवावं.